फुल थ्रॉटलला आउटबोर्ड मान टाकतं : पेट्रोल नेमकं कुठे अडतंय?

संगमावरचा
देवबागला अठरा फुटी फायबरची होडी आहे. मागे बाहेरून लावलेलं ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, तीन सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारे, म्हणजे कार्ब), ऑइल हाताने मिसळायचं. टाकी २४ लिटरची प्लॅस्टिकची, सुटी. लक्षणं अशी :

थंड इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला चालू होतं. खाडीत हळू चालताना काही तक्रार नाही. फुल थ्रॉटल दिला की पाच-सात मिनिटं ठीक, मग आरपीएम आपोआप उतरायला लागतो आणि तसंच ठेवलं तर इंजिन बंद. टाकीतून इंजिनाला पेट्रोल नेणाऱ्या होसमधला रबरी फुगा (हातपंप) दाबत राहिलं तर परत जोर धरतं. चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारा) किंचित ओढला तरी थोडं सुधारतं.

प्लग नवे आहेत. कार्ब दोनदा साफ करून झाला. ऑइल टीसी-डब्ल्यू३, ५०:१. मेकॅनिक आता तिसऱ्यांदा कार्ब खोलू म्हणतोय. खोलू द्यावा का? कर्लीच्या मुखाशी लाट फुटते तिथे इंजिन बंद पडणं परवडणारं नाही.

सागरगोटा
पयलो टाकयेच्या झाकणावरचो हवेचो स्क्रू उघडो आसा काय बघ. मंचावरचे अर्धे धागे थंयच संपतत.

संगमावरचा
उघडा आहे. अख्खं झाकण सैल करूनही पाहिलं, फरक नाही.

सागरगोटा
मगे माका इचारू नको, मी आता निस्तो वाचतलंय.

तांडेल
आत्ताच कार्ब खोलू देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच बरंचसं उत्तर आहे.

फुगा दाबल्यावर जोर येतो, म्हणजे पेट्रोल पोचवलं की कार्ब ते नीट घेतो. मेन जेट (पेट्रोल सोडणारं कार्बचं मुख्य बारीक भोक) तुंबला असता तर बाउल (कार्बची पेट्रोलची वाटी) काठोकाठ भरलेला असूनही इंजिन उपाशी राहिलं असतं. फुगा दाबून काही उपयोग झाला नसता. चोकने सुधारतं यावरून एवढंच कळतं की मिश्रणात पेट्रोल कमी आहे. ते कुठे अडतंय हे चोक सांगत नाही.

आता वेळेचं गणित बघा. असलं इंजिन फुल थ्रॉटलला तासाला ढोबळमानाने १६ ते १८ लिटर पितं, म्हणजे मिनिटाला पाव लिटरहून जास्त. तिन्ही बाउलमधला साठा फार तर शे-दीडशे मिली. पुरवठा अजिबात तुटला असता तर अर्ध्या मिनिटात इंजिन बसलं असतं. तुमचं पाच-सात मिनिटं ओढतं, म्हणजे पेट्रोल येतंय पण खपापेक्षा मिनिटाला वीस-पंचवीस मिली कमी येतंय. हळू चालताना खप तासाला दोन-तीन लिटर, तेवढं अरुंद वाटेतूनही येतं.

तेव्हा संशयित हे : टाकीतली ओढनळी आणि तिच्या टोकाची जाळी, होस, फुगा, दोन्ही टोकांचे कनेक्टर, इंजिनवरचा फिल्टर आणि पंप. हे सगळं एकेक करून उघडत बसू नका. शेजारच्या होडीची चालू टाकी, तिच्याच होस-फुग्यासकट मागून आणा (कनेक्टर त्याच कंपनीचा हवा, नाहीतर बसणार नाही) आणि त्यावर तुमचं इंजिन फुल थ्रॉटलला पंधरा मिनिटं चालवा. ठीक चाललं तर दोष होडीतल्या टाकी-होसमध्ये, नाही चाललं तर काउलखाली, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखाली. अर्धं काम तिथेच झालं. मग त्यांचा होस तुमच्या टाकीला लावून बघा. एका वेळी एकच वस्तू बदलायची.

ही चाचणी सोडून तोवर फुल थ्रॉटल टाळा, आणि चाचणीतही आरपीएम पडायला लागला की लगेच थ्रॉटल उतरवा. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, वर पातळ मिश्रणाची उष्णता वेगळी. पिस्टन धरतो (जाम होतो) तो असाच.

गॅरेज_अलिबाग
तांडेल, पद्धत बरोबर, पण कार्बला इतक्या लवकर निर्दोष सोडू नका. बाउलच्या तोंडाशी पेट्रोल आत सोडणारी जी सुई आणि सीट असते, तिथे कचरा अडकला किंवा सुई चिकटली तरी हेच लक्षण दिसतं. पंपाचा दाब अगदी थोडा असतो, त्याने पेट्रोल आत जात नाही. फुगा हाताने दाबला की दाब जास्त, मग जातं. म्हणजे फुग्याने सुधारलं तरी दोष कार्बमध्ये असू शकतो.

तांडेल
मुद्दा मान्य. पण तिन्ही कार्बच्या सुया एकाच दिवशी चिकटतील का? एकच चिकटली तर एकच सिलिंडर सुटेल. इंजिन थरथरेल, आवाज फाटेल, पण बाकीच्या दोनवर चालत राहील. संगमावरचा यांच्या वर्णनात आरपीएम सारखा उतरत जातो. तिघांना मिळून कमी पडतंय, म्हणजे तिघांच्या आधीच्या सामाईक वाटेवर शोधायचं.

गॅरेज_अलिबाग
हे पटलं. तरी प्लग काढून तिन्हींचा रंग शेजारी शेजारी ठेवून बघायला काही पैसे पडत नाहीत. आरपीएम पडत असतानाच किल स्विचची (इंजिन तिथल्या तिथे बंद करणारी) दोरी ओढायची, मग काढायचे. हळू चालवत किनाऱ्याला आणून काढले तर रंग हळू चालण्याचाच दिसणार.

नुसताच_वाचक
एक बाळबोध प्रश्न. इंजिन चालू असताना फुगा कडक राहायला हवा ना? आमचा कायम मऊ असतो म्हणून दोन बदलले.

गॅस्केट
दोन्ही फुकट बदलले. चालू इंजिनात पंप पुढून ओढत असतो, त्यामुळे फुगा थोडा मऊच असतो. कडक हवा तो सुरू करण्याआधी. फुगा वाचायला शिकलात तर निम्मा गेज हातात आहे :

दाबून दाबून कडक होतच नाही : कुठून तरी हवा ओढली जातेय, किंवा फुग्यातल्या झडपा गेल्या, किंवा बाउलची सुई उघडी राहून पेट्रोल कार्बमधून ओसंडतंय (वास येईल, काउलखाली ओल दिसेल). आधी फुगा उभा धरा, बाण वरच्या बाजूला, इंजिनकडे. आडवा धरून दाबला तर झडपा नीट बसत नाहीत आणि चांगल्या फुग्यावर उगाच संशय येतो.

कडक होतो पण दहा मिनिटांत, इंजिन बंद असतानाच, ढिला पडतो : पेट्रोल मागे टाकीकडे चाललंय, पुढे कार्बमध्ये चाललंय, किंवा बाहेर. बाहेर चालल्यास बोटाला लागेल.

चालू इंजिनात आत चेपून चपटा होतो : अडथळा फुग्याच्या मागे. झाकणाची हवा, ओढनळीची जाळी किंवा टाकीकडचा होस.

चपटा होत नाही, नेहमीइतका मऊ, तरी इंजिन उपाशी : फुग्याच्या पुढे बघा, किंवा हवेची गळती. गळती बघायला इंजिनच्या फिल्टरआधी वीतभर पारदर्शक पेट्रोल-नळी घाला. बुडबुड्यांची माळ दिसली की कनेक्टरची ओ-रिंग आधी तपासायची. पेट्रोल बाहेर ठिबकत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. ओढीच्या बाजूला पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

संगमावरचा
फुगा चपटा होत नाही. बुडबुडे बघायला नळी आणतो. शेजारची टाकी रविवारी मिळेल.

प्रयोगवही
टाकी बदलून बघणार असाल तर तुमच्या टाकीतलं पेट्रोलही त्याच वेळी तपासून घ्या, नाहीतर दोष टाकीचा की आतल्या मालाचा हे कळणार नाही.

सध्या पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. देशात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलं, आता सर्रास तेच आहे. बहुतेक आउटबोर्डांच्या पुस्तकात मर्यादा १० टक्के इथेनॉलची लिहिलेली असते. होडीच्या बाबतीत तीन गोष्टी घडतात.

एक, इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो. ई२० मध्ये वजनाने सातेक टक्के ऑक्सिजन येतो. कार्बला हे कळत नाही, तो आधीच्याच मापाने पेट्रोल सोडतो, म्हणजे मिश्रण आपसूक पातळ. ईएफआयवाल्या (संगणकाने मोजून पेट्रोल फवारणाऱ्या) मोटारीत सेन्सर हे सांभाळून घेतो, आपल्या तीन कार्बना सेन्सर नाही.

दोन, पाणी. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ई१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं. २४ लिटरला १२० मिली, म्हणजे चहाच्या कपाएवढं. ई२० मध्ये त्याहून जास्त मावतं, पण ती मर्यादा ओलांडली, किंवा गार पडून मर्यादाच खाली आली, की पाणी आणि इथेनॉल हात धरून तळाशी बसतात. ओढनळी तळातूनच ओढते. त्या थरात टू-स्ट्रोकचं ऑइल जवळपास नसतं. इंजिन त्या थरावर थोडा वेळ जरी चाललं तरी पिस्टनला ऑइल नाही. वर उरतं त्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरलेला असतो.

तपासायची रीत सोपी : टाकी तासभर तिरकी ठेवा, हातपंपाने खालच्या कोपऱ्यातलं अर्धा लिटर काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा, अर्धा तास स्थिर ठेवून उजेडासमोर धरा. तळाशी रेघ किंवा गोळे दिसले तर ते पेट्रोल संपलं. कुठलंही औषध ओतून ते परत एकजीव होत नाही. नुसतं गढूळ दिसलं तरी वापरू नका, मर्यादेवर आलेलं आहे.

तिसरी गोष्ट होसची. जुन्या रबराचं आतलं अस्तर इथेनॉलने फुगतं, सुटतं. बाहेरून होस नवा कोरा दिसतो.

काथ्याकूट
पंपावर विचारलं इथेनॉल किती, तर पोरगा म्हणाला "किती पायजे?"

प्रयोगवही
त्याला विचारू नका, मोजा. १०० मिलीची मापनळी घ्या (शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळते). १० मिलीपर्यंत पाणी, वर १०० पर्यंत पेट्रोल, ऑइल मिसळण्याआधीचं. बूच लावून हलवा, बूच जरा सैल करून वाफ सोडा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. खालचा थर २८ मिलीवर आला तर ९० मिलीत १८ मिली इथेनॉल, म्हणजे २० टक्के. १९ वर थांबला तर १० टक्के. १० वरच राहिला तर बिनइथेनॉलचं. हे उघड्यावर, विडी-काडीपासून लांब करायचं.

परदेशी_पाणी
इथे न्यू जर्सीत नेहमीच्या पंपावर ई१० असतं. ई१५ च्या नळीवरच लेबल असतं की बोटीच्या इंजिनात घालू नका. कायद्याने मनाई आहे. बऱ्याच मरीनांवर बिनइथेनॉलचं मिळतं, महाग असतं. तिथे निवड नसेल तर निदान होस तरी बोटीसाठीचा घ्या. अंगावर एसएई जे१५२७ (बोटीच्या पेट्रोल-होसचं मानक) छापलेलं असतं. मोटारसायकलच्या दुकानातली पेट्रोल-नळी उन्हात आणि खाऱ्या हवेत टिकत नाही.

काथ्याकूट
इथेनॉलची एवढी कटकट, तर थोडं रॉकेल मिसळलं तर? केरळात सगळं रॉकेलवरच चालतं म्हणे.

तांडेल
केरळात चालतात ती रॉकेलसाठीच बनवलेली इंजिनं. कॉम्प्रेशन कमी, जेट वेगळे. तीसुद्धा पेट्रोलवर सुरू करतात, गरम झाल्यावर रॉकेलवर नेतात आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणतात, म्हणजे पुढच्या वेळी बाउलमध्ये पेट्रोल असतं. आपल्या पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल घातलं तर ऑक्टेन कोसळतो, इंजिन ठोकायला लागतं, पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. रॉकेलचे वाचलेले पैसे मोजून होण्याआधी ब्लॉक उघडावा लागेल.

सागरगोटा
@काथ्याकूट, तुजी होडी वल्ह्याची मा?

काथ्याकूट
माझी होडीच नाही. मी धागे वल्हवतो.

होकायंत्र
ऑइलचं निघालंच आहे तर. स्कूटरचं २टी आउटबोर्डला घालणारे अजून खूप आहेत. ते हवेने गार होणाऱ्या इंजिनासाठी आहे, त्यात राख राहणारी द्रव्यं असतात. आउटबोर्ड पाण्याने गार होतं, त्याला बिनराखेचं टीसी-डब्ल्यू३ लागतं. नाहीतर प्लगवर खवले, पिस्टनच्या रिंगा चिकटणार. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २४ लिटरला ४८० मिली. नवीन इंजिन रुळवण्याच्या काळात पुस्तकात २५:१ दिलं असेल तर लिटरला ४०. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. आणि सुटी टाकी होडीत ठेवून भरायची नाही. किनाऱ्यावर जमिनीवर उतरवून भरायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, होडीच्या तळाशी साचून राहते.

डॉल्फिन_सफर
धाग्यात थोडी घुसखोरी. आमचं ६० एचपी, फोर-स्ट्रोक, ईएफआय. सकाळी उत्तम. दुपारी पर्यटकांना उतरवून पंधरा-वीस मिनिटांनी परत सुरू केलं की खोकतं, आयडलला बंद पडतं, नंतर आपोआप ठीक. पेट्रोलचंच ना?

गॅस्केट
बहुधा हो. तापलेलं इंजिन बंद केलं की पाण्याचं फिरणं थांबतं आणि काउलखालचं तापमान उलट वाढतं. व्हेपर सेपरेटर टाकीत (वाफ वेगळी करणारी इंजिनावरची छोटी टाकी) पेट्रोल उकळून वाफ होते, उच्च दाबाच्या पंपाला पेट्रोलऐवजी वाफ मिळते. उतारूंची चढउतार होईपर्यंत इंजिन बंद केलंत तर सुरू करण्याआधी फुगा कडक करा आणि किल्ली ऑन करून पंपाची दोन-तीन सेकंदांची गुणगुण ऐका. ऑफ करून परत ऑन करा. काउल काढून दहा मिनिटं हवा लागू देऊनही फरक पडतो का बघा. पडला तर निदान पक्कं.

पण हे मागेच कधी नव्हतं आणि आता सुरू झालं असेल तर फिल्टर आधी. काउलखालच्या पारदर्शक वाटीत तांबडी कडी असेल तर बघा : पाण्यावर ती तरंगते, पेट्रोलमध्ये तळाशी बसते. कडी वर आलेली दिसली की वाटी रिकामी करायची, आणि टाकी ते इंजिन मध्ये १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर बसवायचा. सेपरेटर टाकीच्या बुडाशी ड्रेन स्क्रू असतो, तिथून बाटलीत काढून बघा. रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीचा) होस मात्र दाब उतरवल्याशिवाय सोडवू नका. गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडेल.

आरपीएम एका आकड्यावर अडकून त्याच्या वर जातच नसेल तर ते पेट्रोल नाही. ते इंजिनाने स्वतःला वाचवण्यासाठी लावलेलं बंधन, गरम झाल्यामुळे किंवा ऑइलच्या दाबामुळे. मागून पडणारी पाण्याची धार आणि दिवे बघा.

होकायंत्र
आणि आरपीएम चढतो पण होडी पुढे जात नाही, तर प्रॉपेलरच्या आतलं रबरी हब सुटलंय. यावरही कार्ब साफ करून देणारे आहेत!

संगमावरचा
रविवारचा अहवाल.

१. शेजारची टाकी + त्यांचा होस : पंधरा मिनिटं फुल थ्रॉटल, काही नाही.
२. माझी टाकी + त्यांचा होस : तेच, ठीक.
३. त्यांची टाकी + माझा होस : सहा मिनिटांत उतरायला लागलं.

माझा होस फुग्याच्या पुढे, इंजिनकडच्या भागात उभा चिरला. आतलं काळं अस्तर एका जागी सुटून लोंबतंय. बोटाने दाबलं की वाट बंद होते, सोडलं की उघडते. प्रयोगवही यांनी सांगितलं तसंच : बाहेरून नवा. पेट्रोल काचेत स्वच्छ निघालं.

नवीन होस, नवीन फुगा, दोन्ही कनेक्टरांच्या ओ-रिंगा घातल्या. आता बंद पडत नाही. पण फुल थ्रॉटलला अजून थोडा जोर कमी आहे. गॅरेज_अलिबाग यांनी सांगितल्याप्रमाणे दोरी ओढून प्लग काढले. तिन्ही सारखेच, फिकट; एकही वेगळा नाही. फुगा दाबला तर अजूनही शे-दोनशे आरपीएम वाढतो.

तांडेल
सुटलेलं अस्तर म्हणजे उलटी झडप. ओढ वाढली की आत खेचली जाते आणि वाट अडवते, ओढ थांबली की मोकळी. म्हणून होसला तोंड लावून फुंकलं तर तो नेहमी पास होतो.

आता त्या अस्तराचे बारीक कण पुढे गेलेले असणार. फिल्टर उघडा. वाटीत काळे ठिपके मिळाले तर फिल्टर बदला, धुऊ नका.

गॅस्केट
फिल्टर झाला की पंप. तिन्ही प्लग सारखे फिकट आणि फुग्याने आरपीएम वाढतो, याचा अर्थ पंप कमी पडतोय. हा पंप क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या बंद भागाच्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो : एका बाजूला ठोका, मध्ये पातळ पडदा, दुसऱ्या बाजूला पेट्रोल. पडदा कडक झाला किंवा झडपांची पातळ पानं वाकली की ओढ कमी होते. ई२० वर जुने पडदे लवकर कडक होतात.

तपासणी : किल स्विचची दोरी काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपाकडून कार्बकडे जाणारी नळी सोडवून बाटलीत घाला. फुगा एकदा कडक करा, मग स्टार्टरची दोरी चार-पाच वेळा ओढा. प्रत्येक ओढीला ठसठशीत चूळ पडली पाहिजे. नुसती ठिबक आली तर पंप खोला. काउल उघडा, वाऱ्याला ठेवा, बॅटरीच्या जवळ बाटली नको.

पंप खोलताना : थरांवर तिरकी रेघ मारून ठेवा, म्हणजे परत त्याच क्रमाने बसतील. पडदा उजेडासमोर धरा, सुईच्या टोकाएवढं भोकही चालत नाही. भोक पडलेलं असेल तर पेट्रोल ठोक्याच्या नळीतून थेट त्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये जातं. तो एकच प्लग ओला आणि काळा मिळतो. तुमचे तिन्ही फिकट आहेत, म्हणजे भोक नसावं, पडदा ताठरला असावा. पडदा, गॅस्केट, झडपा असा पूर्ण किट घाला, नुसता पडदा नको. स्क्रू एकाआड एक, थोडे थोडे आवळायचे.

फोर-स्ट्रोकच्या मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूष होऊ नका, वास घ्या.

गॅरेज_अलिबाग
ज्यांच्याकडे व्हॅक्यूम गेज आहे त्यांच्यासाठी : फिल्टर आणि पंपाच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) घालून लावा. आयडलला पाऱ्याचे दोन इंच, फुल थ्रॉटलला चारपर्यंत ठीक. त्याहून जास्त आलं तर मागे अडथळा. गेज कमीच दाखवतोय आणि तरीही इंजिन उपाशी, तर पंप. गेज असता तर होस कापावा लागला नसता.

आणि कार्ब कधी खरंच खोलावा लागला तर : जेटमध्ये तार घालू नका, घातलीच तर तांब्याचा एखादा केस, स्टीलची नाही. पितळ मऊ, भोक वाढतं. तिन्ही कार्बचे जेट आपापल्या डब्यात. आयडलचा स्क्रू काढण्याआधी हलका बसेपर्यंत आत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवा. कार्ब क्लीनरचा फवारा मारण्याआधी फ्लोट, सुई, ओ-रिंगा बाहेर, रबर फुगतं.

संगमावरचा
फिल्टरमध्ये काळे ठिपके निघाले. फिल्टर बदलला, शंभर आरपीएम परत आले. पंपाची चूळ पहिल्या दोन ओढींना बरी, नंतर बारीक. किट मागवला आहे. मेकॅनिकला कार्बला हात लावू दिला नाही.

प्रयोगवही
नवीन होसवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. ई२० वर दोन-तीन हंगामांनी दिसायला चांगला असला तरी बदलायचा.

नुसताच_वाचक
वाचनखूण साठवली. आता पावसाळ्याचं सांगा. १ जूनला मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत इंजिन छपराखाली. टाकी भरून ठेवायची की रिकामी? दोन मतं ऐकलीत.

होकायंत्र
भरलेली. वरती हवा कमी, ओल कमी.

प्रयोगवही
होडीत कायमची बसवलेली धातूची टाकी असेल तर हो. थोडी जागा फुगायला सोडून भरा. सुटी प्लॅस्टिकची टाकी मात्र रिकामी, कोरडी. कोकणातल्या पावसाळ्यात दोन महिने ई२० हवेच्या स्क्रूसकट ठेवून वर ऑगस्टमध्ये तेच ओढायचं, हे कशाला? मेअखेर लागेल तेवढंच मिसळा. उरलं तर ऑइल मिसळलेलं बाइकमध्ये ओतू नका, खाडीत तर नाहीच.

तांडेल
इंजिनात काय करायचं ते : गोड्या पाण्यावर चालवा (इंजिनाच्या पाणी घेणाऱ्या भोकांवर मफ, म्हणजे पाइप जोडलेली टोपणं लावून किंवा पिंपात, कोरडं कधीच नाही, इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपाचं रबरी चाक जळतो). मग होसचा कनेक्टर काढून आयडलवर चालू द्या. आवाज बदलायला लागला, म्हणजे पेट्रोल संपत आलं, की कार्बच्या तोंडांत फॉगिंग ऑइलचा (इंजिन ठेवून देताना आत मारायच्या ऑइलचा) फवारा, धूर येऊन बंद पडेपर्यंत. शेवटच्या काही सेकंदांत मिश्रण पातळ होतं, त्यासाठी हे ऑइल लागतंच. एवढं करूनही बाउलच्या तळाशी थोडं राहतं. तिन्ही ड्रेन स्क्रू उघडून काढा. तेच दोन महिन्यांत वाळून डिंक होतं आणि आयडलचा बारीक जेट धरून बसतं. ऑगस्टमध्ये सुरू होतं पण आयडलला राहत नाही, ती तक्रार इथूनच येते.

काथ्याकूट
पण कार्ब कोरडा ठेवला तर ओ-रिंगा आक्रसतात म्हणे?

गॅरेज_अलिबाग
वर्षानुवर्षं ठेवला तर. दोन महिन्यांत डिंकाचा त्रास जास्त.

गॅस्केट
एक राहिलं. हंगामातही होडी ओढून उन्हात ठेवताना होस इंजिनापासून काढून ठेवा. झाकणाचा स्क्रू बंद आणि होस जोडलेला असला की ऊन लागून टाकीत दाब होतो, पेट्रोल फुग्यातून पुढे ढकललं जातं, सुयांना ते थोपवत नाही आणि कार्ब ओसंडतात. सकाळी काउल उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर लगेच स्टार्टरची दोरी ओढू नका. दहा मिनिटं उघडं ठेवा, आतली ओल फडक्याने टिपा. मग चोक न ओढता, थ्रॉटल अर्धा उघडून सुरू करा.